मलमाची ताकद ट्यूबवर छापा

प्रति,
माननीय आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.

विषय : खाजेवरची स्टेरॉइड मलमं, त्यांची न छापलेली ताकद आणि त्यांच्यासोबत न दिला जाणारा मॉइश्चरायझर.



राज्यातल्या कुठल्याही एसटी स्टँडासमोरच्या मेडिकलमध्ये एकदा साध्या कपड्यांत, सरकारी गाडी लांब उभी करून जा आणि फक्त एवढंच म्हणा, "खाज सुटलीय, काहीतरी द्या." कुठे सुटलीय, कधीपासून, लहान मुलाला की मोठ्या माणसाला, यातला एखादा जरी प्रश्न आला तरी ते दुकान चांगलं समजावं. बहुतेक ठिकाणी प्रश्नाआधी ट्यूब येते. तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत तीन-चार औषधांची नावं असतात. एक बुरशी मारणारं, एक जंतू मारणारं आणि एक स्टेरॉइड, तेही बहुधा क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन, म्हणजे तीव्र जातीचं. दोन दिवसांत खाज बसते. मग ती ट्यूब घरातल्या सगळ्यांची होते. आजोबांच्या घोट्याला, सुनेच्या मानेला, नातवाच्या लंगोटाखाली.

हे पत्र त्या ट्यूबच्या विरोधात आहे, स्टेरॉइडच्या विरोधात नाही. मी डॉक्टर नाही आणि औषधविक्रेताही नाही. हातांवरचा इसब सांभाळत संसार आणि लेखन करणाऱ्या असंख्य लोकांपैकी एक आहे. योग्य ताकदीचं स्टेरॉइड थोडे दिवस आणि मॉइश्चरायझर बारा महिने, ही जोडी माझ्यासारख्यांना भांडी घासू देते, कांदा चिरू देते, रात्री न खाजवता झोपू देते. माझी तक्रार अशी की ही जोडी नीट वापरायला जी सर्वांत साधी माहिती लागते, म्हणजे हातातलं मलम सौम्य आहे की जहाल, तीच ट्यूबवर कुठे लिहिलेली नसते.

मलमाच्या रूपातलं स्टेरॉइड फार जुनं नाही. १९५२ मध्ये अमेरिकेत मॅरियन सल्झबर्गर आणि व्हिक्टर विटन या त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोन थेट कातडीवर लावून इसब शांत होतो हे दाखवलं. त्याआधी डांबराची मलमं आणि पट्ट्या यांवरच मुख्य भिस्त होती. पुढच्या दहा-वीस वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनी त्याच रेणूत फेरफार करून एकाहून एक जोरकस भावंडं तयार केली. स्टेरॉइड लावल्यावर कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ती जागा फिकट पडते. किती फिकट पडते यावरून ताकद मोजायची चाचणी १९६२ पासून वापरात आहे. या मोजमापात क्लोबेटासॉल हे हायड्रोकॉर्टिसोनच्या सुमारे ६०० पट भरतं. दुप्पट किंवा दहापट नव्हे, सहाशे.

आता ट्यूबवर काय छापलेलं असतं ते पाहा. सौम्य मलमावर असतं 'हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का'. जहाल मलमावर असतं 'क्लोबेटासॉल ०.०५ टक्के'. बाजारात हिशोब करून वाढलेला कुठलाही शहाणा माणूस यातून काय समजेल? की पहिलं कडक आणि दुसरं त्याच्या विसाव्या हिश्शाचं, म्हणजे अगदी हलकं, बाळाला चालेल असं. टक्केवारी खरी आहे आणि तरीही ती ग्राहकाला बरोबर उलट्या दिशेला नेते. नावांचा घोळ त्याहून मोठा. क्लोबेटासोन हे मध्यम ताकदीचं, क्लोबेटासॉल हे अतितीव्र. हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, पण त्यालाच 'ब्युटिरेट' ही शेपटी लागली की तीव्र वर्गात जातं. फार्मसीची पदविका घेतलेल्याला हे पाठ असेल, नसेल. दहावी झालेल्या आणि चष्मा घरी विसरलेल्या गिऱ्हाइकाला ते कळावं ही अपेक्षाच चुकीची.

आणि कातडी सगळीकडे सारखी नसते. फेल्डमन आणि मायबाख या दोघांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून किती शोषलं जातं हे मोजलं. मनगटापासून कोपरापर्यंतच्या आतल्या बाजूला जेवढं शोषलं गेलं ते एक धरलं, तर कपाळातून सहापट, जबड्याच्या कडेतून तेरापट आणि वृषणाच्या कातडीतून बेचाळीस पट शोषलं गेलं. आपल्याकडे पावसाळ्यात भिजलेल्या चड्डीमुळे जांघेत खाज सुटली की पुरुषमंडळी नेमकी कुठे आणि कोणती ट्यूब लावतात, हे आपल्या निरीक्षकांना मी सांगायला नको. लाजेमुळे कुणी डॉक्टरांना दाखवत नाही, मेडिकलवाल्याला हळू आवाजात सांगतो, आणि काही महिन्यांनी मांड्यांवर फाटल्यासारखे पट्टे घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे पोहोचतो. ते पट्टे कायमचे असतात.

चेहऱ्याची कथा तर सरकारदरबारी माहीतच आहे. २०११ मध्ये देशातल्या १२ केंद्रांवरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी एकत्रित पाहणी प्रसिद्ध केली होती. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण तोंडाला स्टेरॉइड लावत होते, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरांखेरीज दुसऱ्याच कुणी सुचवलेलं होतं. शेजारीण, मैत्रीण, ब्यूटी पार्लर, मेडिकल. सर्वांत जास्त आढळलेलं कारण, गोरं दिसणं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन यांचं मिश्रण हे वांगाच्या डागांवरचं मर्यादित काळाचं औषध आहे. आपल्या समाजाने त्याची लग्नाआधीची तयारी करून टाकली. पुढे चेहरा लाल पडतो, उन्हात भाजतो, लव वाढते, पुरळ येतं. क्रीम थांबवलं की आग होते, म्हणून पुन्हा तेच लावलं जातं.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल की स्टेरॉइडला हातच लावू नये. मला या दुसऱ्या टोकाचीही तेवढीच चीड आहे. माझ्या परिचयात असे सुशिक्षित आईबाप आहेत की ज्यांचं बाळ रात्ररात्र गाल घासत रडतं, कोपराच्या आणि गुडघ्याच्या घड्या रक्ताळतात, आणि बालरोगतज्ज्ञांनी लिहून दिलेली हायड्रोकॉर्टिसोनची ट्यूब कपाटात न उघडता पडलेली असते, कारण कुणीतरी मोबाइलवर 'स्टेरॉइड म्हणजे विष' असं पाठवलेलं असतं. ही भीती फक्त आपली नाही. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला २००० साली इसबाच्या रुग्णांना आणि त्यांच्या पालकांना विचारलं, तेव्हा ७२ टक्क्यांहून अधिक लोकांनी ही मलमं लावण्याची काळजी वाटते असं सांगितलं आणि साधारण चौघांतल्या एकाने त्यापायी औषध नीट लावलं नसल्याचं कबूल केलं. त्याच पाहणीत हायड्रोकॉर्टिसोन वापरणाऱ्यांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश लोकांना ते तीव्र वाटत होतं किंवा त्याची ताकद ठाऊकच नव्हती. म्हणजे सर्वांत सौम्य औषधाला लोक घाबरतात आणि सर्वांत जहाल औषध बिनधास्त थापतात. दोन्हींच्या मुळाशी ट्यूबवरचा तोच रिकामा कोपरा आहे.

भीतीला पुराव्याचं उत्तर आहे. इसबावर ही मलमं कशी वापरावीत याच्या अनेक चाचण्या एकत्र तपासून कॉक्रेन संस्थेने २०२२ मध्ये आढावा प्रसिद्ध केला. त्यात थोड्या मुदतीच्या वापरात कातडी पातळ झाल्याच्या नोंदी २,२६६ लोकांत २६ आढळल्या, आणि त्या प्रामुख्याने जास्त ताकदीच्या मलमांच्या. त्याच आढाव्यानुसार तीव्र मलम दिवसातून एकदा लावलं काय आणि दोनदा लावलं काय, गुण बहुधा सारखाच येतो. आणखी एक उपयोगाची गोष्ट अशी की, वारंवार उसळणारा इसब एकदा शांत झाल्यावर आठवड्यातले सलग दोन दिवस, उदाहरणार्थ शनिवार-रविवार, नेहमीच्या जागी मलम लावत राहणाऱ्यांत तो पुन्हा उसळण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आलं. अर्थात ही शनिवार-रविवारची पद्धत डॉक्टरांनी आखून द्यायची आहे, घरच्या घरी ठरवायची नाही.

आता मॉइश्चरायझरकडे येतो, कारण या जोडीतला तो दुर्लक्षित भिडू आहे.

इसबाच्या मुळाशी बऱ्याचदा कातडीचा वरचा थरच कच्चा असतो. त्या थराला घट्टपणा देणारं फिलॅग्रिन नावाचं प्रथिन काही लोकांत जन्मतःच कमी असतं. २००६ मध्ये ते बनवणाऱ्या जनुकातल्या दोषांचा इसबाशी संबंध सिद्ध झाला. थर कच्चा म्हणून आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचा साबण, घाम, धूळ, परागकण आत शिरतात. मग आतली यंत्रणा खवळते, खाज येते, खाजवलं की थर आणखी फाटतो. कोकणातल्या माणसाला हे लगेच समजेल. कौलं फुटलेल्या घरात पाणी शिरलं की ते उपसावं तर लागतंच, ते काम स्टेरॉइड करतं; पण कौलं चाळून घेतली नाहीत तर पुढच्या सरीला पुन्हा तेच, आणि ते चाळण्याचं काम मॉइश्चरायझरचं. आपल्याकडे उपसायला सगळे तयार, कौलांवर चढायला कुणी नाही. म्हणूनच त्याच जागी तीच ट्यूब पुन्हा पुन्हा लागते.

गंमत म्हणजे कौलं चाळायला महागडं काही लागत नाही. साधी पांढरी पेट्रोलियम जेली हा पाणी रोखण्यात सर्वांत सरस पदार्थांपैकी एक आहे. चिकट लागते आणि कपड्यांना लागते, एवढीच तिची खोट. ग्लिसरीन असलेली साधी, बिनवासाची क्रीम चालते. भेगाळलेल्या टाचांना युरियाची क्रीम उत्तम, पण ओल्या चिरांवर ती झोंबते, लहान मुलाला तर लावूच नये. खोबरेल तेलाबद्दल आपल्या आज्यांची बाजू बरीचशी खरी निघाली आहे. फिलिपिन्समध्ये इसब असलेल्या मुलांवर झालेल्या चाचणीत शुद्ध खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. ऑलिव्ह तेलाने मात्र कातडीचा थर कमजोर होतो असं इंग्लंडमधल्या अभ्यासात दिसलं, तेव्हा बाळाच्या मालिशीसाठी परदेशी बाटली आणण्याची हौस आवरावी. हळद-डाळीच्या पिठाचं उटणं, लिंबाचा रस, जंतुनाशक घातलेलं अंघोळीचं पाणी, यातलं काहीही आधीच चिडलेल्या कातडीला नको.

मात्रेबद्दल आपल्याकडे उलटाच व्यवहार आहे. स्टेरॉइड लोक मॉइश्चरायझरसारखं फासतात आणि मॉइश्चरायझर अत्तरासारखा शिंपडतात. इसब असलेल्या मुलासाठी ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची शिफारस आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझरची आहे. आपल्या घरात महिनाभर पुरणारा डबा तिथे आठवड्यात संपतो. तेवढा सगळ्यांना लागेल असं नाही, पण मापाचा अंदाज त्यावरून यावा. सर्वसाधारण सल्ला असा की स्टेरॉइडच्या दहापट तरी मॉइश्चरायझर वापरात असावा. अंघोळ कोमट पाण्याची, अंग पंच्याने घासून नव्हे तर टिपून, आणि कातडी ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, केस ज्या दिशेला पडतात त्या दिशेने.

स्टेरॉइडचं माप १९९१ मध्ये लाँग आणि फिनले या ब्रिटिश डॉक्टरांनी इतकं सोपं करून ठेवलं आहे की ते शाळेत शिकवायला हरकत नाही. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून जेवढी रेघ निघते ते एक माप, साधारण अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला ते पुरतं. एका हाताच्या पंज्याला दोन्ही बाजूंनी एक माप, पावलाला दोन, संपूर्ण बाहूला तीन, संपूर्ण पायाला सहा. पंधरा ग्रॅमच्या ट्यूबमध्ये अशी सुमारे तीस मापं निघतात. दोन्ही हातांच्या पंज्यांना दिवसातून एकदा लावायचं असेल तर ती ट्यूब दोन आठवडे चालायला हवी. चार दिवसांत संपली तर अति होतंय, चार महिने पुरली तर औषध लावलंच जात नाहीये. हा हिशोब ग्राहकाला एकदा सांगितला की पुढे तोच स्वतःची देखरेख करतो.

आधी काय लावायचं, यावर घराघरांत वाद आहेत आणि डॉक्टरांतही एकमत नाही. काही जण आधी मॉइश्चरायझर सांगतात, काही आधी स्टेरॉइड. मुलांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात क्रम बदलून काही फरक आढळला नाही. तेव्हा ज्याला जो क्रम लक्षात राहतो तो त्याने ठेवावा. महत्त्वाचं आहे ते मधलं अंतर, काही मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, म्हणजे पहिलं आत मुरेल आणि दुसरं त्याच्यावरून घसरणार नाही. दोन्ही तळहातावर एकत्र कालवून लावणं ही मात्र सर्रास चालणारी पद्धत वाईट. त्याने औषध पातळ होतं आणि नको त्या निरोगी जागेवर पसरतं. स्टेरॉइड फक्त लाल, खाजऱ्या चट्ट्यांवर, मॉइश्चरायझर सगळीकडे. चट्टा निवळला की स्टेरॉइड थांबवायचं, मॉइश्चरायझर नाही. चेहरा, पापण्या, काखा, जांघा आणि तान्ही बाळं यांच्यासाठी सौम्यच, तेही डॉक्टरांच्या सांगण्याने आणि मोजके दिवस. लंगोट किंवा डायपरखाली कातडी झाकलेली असल्याने औषध जास्त मुरतं, हे बाळाच्या आईला कुणी तरी तोंडी सांगायला हवं.

जाता जाता, स्वयंपाकघरातल्यांसाठी. पॅराफिनयुक्त मलमं कपड्यांत मुरली की ते कापड भराभर पेट घेतं. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये याबद्दल स्पष्ट इशारा दिला होता. आपल्याकडे सुती पदर, उघडी गॅसची शेगडी आणि दिवाळीच्या पणत्या आहेत. आपल्या खात्याच्या एखाद्या पत्रकात ही ओळ यायला काय हरकत आहे?

महोदय, सौम्य स्टेरॉइड आणि मॉइश्चरायझर यांच्या जोडीला एक अट आहे. खाज खरोखरच इसबाची किंवा चिडलेल्या कातडीची असली पाहिजे. गजकर्णावर स्टेरॉइड लावलं की लाली आणि खाज दबते, कडा पुसट होतात आणि बुरशी आरामात पसरते. डॉक्टरांनाही मग ते चटकन ओळखू येत नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत देशभर नायटा हट्टी झाला आहे, नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही, घरातल्या सगळ्यांना होतो. त्वचारोगतज्ज्ञ याच्या कारणांत या मिश्र ट्यूबांचं नाव ठळकपणे घेतात. आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या मानेवरचे, पापण्यांवरचे जाड काळे चट्टे अनेकदा गाजरगवताच्या ॲलर्जीचे असतात. हे गवत देशात पहिल्यांदा नजरेत आलं ते पुण्यात, १९५० च्या दशकात, आणि त्याच्या त्वचारोगावरचा महत्त्वाचा शोधनिबंध १९७४ मध्ये पुण्यातूनच निघाला. त्या माणसाला गवतापासून दूर न ठेवता नुसत्या ट्यूबा दिल्या तर काय साधणार? हे ओळखायला डॉक्टर लागतो, म्हणून तर चिठ्ठीचा कायदा आहे.

कायदा नाही असं मी म्हणत नाही. मार्च २०१८ मध्ये केंद्राने १४ स्टेरॉइडांच्या मलमांना अनुसूची 'एच'मध्ये आणून डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ औषध-मिश्रणांवर बंदी आली, त्यात अशी काही मलमंही होती. पण एक मिश्रण बंद झालं की घटक थोडे बदलून दुसरं येतं आणि काउंटरवरचा संवाद तोच राहतो. आपल्या खात्याने मनात आणलं तर काय होऊ शकतं हेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. महेश झगडे आयुक्त असताना फार्मासिस्टशिवाय चालणाऱ्या दुकानांवर मोहीम निघाली होती. विक्रेत्यांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला, तरी त्या काळात दुकानांत पांढरे कोट दिसू लागले आणि बिलं मिळू लागली, एवढं गिऱ्हाइकांना आठवतं.

छापे घालून हा प्रश्न पुरता सुटेल असं मात्र मला वाटत नाही. जिथे तालुक्यात एकही त्वचारोगतज्ज्ञ नाही, तिथे मेडिकलवालाच लोकांचा पहिला डॉक्टर राहणार. त्याला चोर ठरवण्यापेक्षा त्याच्या आणि गिऱ्हाइकाच्या हातात खरी माहिती देणं जास्त उपयोगी. ब्रिटनमध्ये एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन चिठ्ठीशिवाय मिळतं, पण फार्मासिस्टच्या हातून, चेहऱ्यासाठी नाही, दहा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही आणि फार तर एका आठवड्यासाठी. त्याच देशाच्या औषध नियामकाने मे २०२४ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. मलमाच्या ट्यूबवर आणि खोक्यावर त्याची ताकद चार पायऱ्यांत साध्या शब्दांत छापायची, सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र. दीर्घकाळ वापरून अचानक थांबवल्यावर कातडी पेटून उठल्याच्या तक्रारी लोकांनी केल्या, त्यातून हे घडलं.

आपल्याकडे तेवढंच व्हावं, ही माझी मागणी आहे. लेबलाचे नियम दिल्लीत ठरतात, हे मला माहीत आहे. पण औषध उद्योगाचं मोठं राज्य म्हणून महाराष्ट्राच्या शिफारशीला तिथे वजन आहे. ती शिफारस आपल्या खात्याने लेखी करावी. स्टेरॉइड असलेल्या प्रत्येक ट्यूबवर 'यात स्टेरॉइड आहे' हे आणि त्याची पायरी, इंग्रजीसोबत स्थानिक भाषेत, अंगठ्याने झाकली जाणार नाही एवढ्या मोठ्या अक्षरांत. टक्केवारी खाली राहू द्या, ती डॉक्टरांसाठी आहे.

दिल्लीचा निर्णय येईपर्यंत आपल्या अधिकारात जे आहे ते तरी सुरू करा. प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर एक मराठी तक्ता लागू द्या. त्यात बाजारातल्या स्टेरॉइडांची रासायनिक नावं चार रांगांत, क्लोबेटासॉल सर्वांत खालच्या, लाल रांगेत. शेजारी बोटाच्या पेराचं चित्र आणि 'चेहरा, जांघ, बाळ : डॉक्टरांना विचारा' एवढी एक ओळ. तालुका पातळीवरच्या फार्मासिस्टांच्या प्रशिक्षणात एक दुपार या विषयाला द्या, आणि त्यांना सांगा की खाजेचं मलम देताना सोबत साध्या मॉइश्चरायझरचं नाव घ्या. तो ग्राहकाने विकत घ्यावा की घरचं खोबरेल वापरावं, ते त्याच्यावर सोडा. चिठ्ठीशिवाय क्लोबेटासॉल दिल्याबद्दल वर्षभरात राज्यात किती दुकानांवर कारवाई झाली, तो आकडा जिल्हावार आपल्या संकेतस्थळावर जाहीर करा. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या औषधयादीत एक सौम्य स्टेरॉइड आणि एक साधं पॅराफिनचं मलम नेहमी शिल्लक राहील याची काळजी घ्या, असं आरोग्य खात्याला कळवा. ही दोन्ही औषधं दुर्मिळ नाहीत आणि महागही नाहीत. गावात ती मिळाली तर एसटी स्टँडासमोरच्या ट्यूबची गरज आपोआप घटेल.

या मागण्यांवर आपल्या खात्याची भूमिका काय आहे, ती येत्या पावसाळ्यापूर्वी जाहीरपणे कळवावी, ही विनंती.

आपला,
इसबाचा एक जुना रुग्ण आणि औषधांच्या दुकानातलं नेहमीचं गिऱ्हाईक